ग्राउंडवॉटर पोटेन्शियल मॅप: अकोले-संगमनेरच्या बेसाल्टमध्ये वेट आधी की विहिरी आधी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले आणि संगमनेर या दोन तालुक्यांचा ग्राउंडवॉटर पोटेन्शियल मॅप (भूजल कुठं मिळण्याची शक्यता किती, याचा नकाशा) केलाय, त्यात पाऊस, उतार, ड्रेनेज डेन्सिटी (ओढ्या-नाल्यांची दाटी), लिनियामेंट डेन्सिटी (खडकातल्या भेगांच्या सरळ रेघांची दाटी), जिऑलॉजी, माती आणि लँड यूज असे सात लेअर घेतलेत, एएचपीने (लेअरची जोडीजोडीने तुलना करून महत्त्व ठरवायची पद्धत) वेट काढले, कन्सिस्टन्सी रेशो ०.१० च्या खाली आला, सगळं नियमात बसलं, पण फायनल नकाशात कळसूबाई-रतनगडचा सगळा पश्चिम पट्टा 'उत्तम' दाखवतोय आणि गाईड म्हणतात हे व्हॅलिडेट करून (प्रत्यक्ष जागेवरच्या माहितीशी ताडून) दाखवा. आता वेट बदलू की अजून लेअर घालू?

आधी सांगतो, लेअर अजिबात वाढवू नका. आणि वेटला लगेच हात लावू नका. तुमचा नकाशा चुकलाय तो गणितात नाही, तो एका प्रश्नात चुकलाय, की हा नकाशा नेमका कशाचा? पाणी मुरतं कुठं, साठतं कुठं, आणि विहिरीला मिळतं कुठं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि आपल्याकडचे बहुतेक नकाशे तिन्ही एकाच खिचडीत शिजवतात. सपाट गाळाच्या देशात हे थोडंफार चालून जातं, कारण तिथं मुरलेलं पाणी बऱ्यापैकी तिथंच खाली राहतं. सह्याद्रीच्या कुशीत अजिबात चालत नाही.

तुमच्याच पश्चिम पट्ट्याचं बघा. घाटघर, रतनवाडी, कळसूबाईच्या पायथ्याच्या वाड्या, तिथं वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस. संगमनेरच्या पूर्व भागात जेमतेम चारशे-पाचशे. तुम्ही पावसाला मोठं वेट दिलंत म्हणून पश्चिम निळी (म्हणजे 'उत्तम') झाली, साहजिक आहे. पण त्या डोंगरावर मातीचा थर पातळ, खाली मुरूम कमी, उतार जबरदस्त, त्यामुळे पाणी एक तर वरच्यावर वाहून जातं आणि जे मुरतं तेही दोन-चार महिन्यांत झऱ्यांनी खालच्या दरीत निघून जातं. मार्च-एप्रिलमध्ये त्याच वाड्यांमधल्या बायका पाण्यासाठी डोंगर उतरतात, आणि नकाशा म्हणतो उत्तम. असा नकाशा एखाद्या पंचायत समितीच्या फाइलीत गेला आणि त्यावरून तिथं विहीर मंजूर झाली तर नुकसान त्या बायकांचं होतं, म्हणून मी हे एवढं जोर देऊन सांगतोय.

पाऊस हा लेअर एवढ्या छोट्या भागात वापरताना अजून एक अडचण आहे. हवामान खात्याचा ग्रिड डेटा पाव अंशाचा, म्हणजे एक पिक्सेल साधारण २७ किलोमीटरचा, तुमच्या दोन तालुक्यांत असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पिक्सेल येतात. त्याला इंटरपोलेट करून (मधले आकडे अंदाजाने भरून) ३० मीटरचा गुळगुळीत रास्टर (चौकटींचा नकाशा) केला म्हणून माहिती वाढत नाही, नकाशा फक्त देखणा होतो. महसूल मंडळांच्या पर्जन्यमापकांचे आकडे घेतलेत तर बरं, पण तरीही माझं मत असं की पावसाला वेट देऊच नका, त्याऐवजी एरियाचे दोन किंवा तीन पट्टे पाडा (जास्त पावसाचा घाटमाथा, मधला भाग, पूर्वेचा कमी पावसाचा) आणि प्रत्येक पट्ट्याचा नकाशा वेगळा करा. घाटमाथ्यावरच्या दोन जागांची एकमेकींशी तुलना झाली पाहिजे, घाटघरची आणि साकूरची तुलना करून कुणाला काय मिळणार?

आता जिऑलॉजी, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे कारण खरा जीव इथंच आहे.

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग डेक्कन ट्रॅप बेसाल्टने व्यापलाय, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर, एकावर एक. तुम्ही भूकोशवरून (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पोर्टलवरून) जिऑलॉजीचा नकाशा उतरवला असेल तर त्यात तुमच्या तालुक्यांत दोन-चार रंग दिसतील, फॉर्मेशनचे, म्हणजे लाव्हाच्या थरांच्या मोठ्या गटांचे. पण एका फॉर्मेशनच्या आत कितीतरी फ्लो (लाव्हाचे एकेक थर) असतात आणि पाण्याच्या दृष्टीने एकाच फ्लोचा वरचा भाग आणि खालचा भाग हे दोन वेगळे खडक आहेत. वरचा भाग सच्छिद्र, वायूच्या पोकळ्यांचा, झिजला की मऊ पडणारा, त्यात पाणी राहतं. खालचा काळा घट्ट पाषाण, त्याला भेगा असतील तर पाणी, नसतील तर छिन्नीसुद्धा चालत नाही. मध्ये कुठं तांबडा गेरूचा थर असतो, तो बहुतेक वेळा पाणी खाली जाऊ देत नाही आणि त्याच्यावरूनच झरा बाहेर पडतो. आता हा सगळा फरक उभ्या दिशेत आहे आणि तुमचा नकाशा आडवा आहे. एका रंगाला एक रँक देऊन टाकली की सगळं हरवलं.

पण यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. आपल्याकडचे फ्लो जवळजवळ आडवे आहेत, म्हणून एखादा थर कुठं उघडा पडणार हे बऱ्याच अंशी समुद्रसपाटीपासूनची उंचीच सांगते. एखाद्या पाणलोटात वीस-पंचवीस विहिरी बघायच्या, प्रत्येक विहिरीच्या भिंतीवर वरून खाली काय दिसतं ते लिहायचं (माती किती फूट, मुरूम किती, मऊ सच्छिद्र खडक किती, काळा पाषाण कुठून, झरा कोणत्या फुटाला), आणि ते फूट डीईएमवरच्या (जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशावरच्या) उंचीतून वजा करून एका क्रॉस सेक्शनवर टाकायचे. बघा तुम्ही, झरे एका ठरावीक उंचीच्या आसपास ओळीने येऊन बसतात. डोंगरातले नैसर्गिक झरेही जीपीएसने टाका त्यात, तेही बहुतेक त्याच ओळीत येतील. हा थर सापडला की तो पाणलोटभर कुठं जमिनीजवळ आहे, कुठं खोल आहे आणि कुठं दरीने कापून टाकलाय हे डीईएमवरून काढता येतं, आणि हाच तुमचा खरा जिऑलॉजी लेअर. बांधीव नसलेली विहीर म्हणजे जमिनीला पाडलेली खिडकी आहे, बोअरवेलमध्ये हे काहीच दिसत नाही, म्हणून जुन्या कोरड्या पडलेल्या विहिरीसुद्धा सोडू नका. डीईएमच्या उंचीत काही मीटर इकडे-तिकडे होतं हे मात्र लक्षात ठेवा, थर पाच फूट जाडीचा असेल तर ३० मीटरच्या डीईएमकडून फार अपेक्षा करू नका, शक्य असेल तिथं ऑटो लेव्हल (उंची मोजायचं सर्व्हेचं यंत्र) लावा.

डीईएमवरून आठवलं. बरेच जण एएलओएस पाल्सारचा (जपानी उपग्रहाच्या नावाने मिळणारा) १२.५ मीटरचा डीईएम उतरवतात आणि समजतात की जास्त रिझोल्यूशन मिळालं. तो बहुतेक जगासाठी २००० सालचा एसआरटीएमच (स्पेस शटलवरून मोजलेला उंचीचा डेटा) आहे, बारीक पिक्सेलमध्ये पुन्हा कापलेला. त्यापेक्षा कोपर्निकसचा ३० मीटर किंवा भुवनवरचा (इस्रोच्या नकाशांच्या पोर्टलवरचा) कार्टोडीईएम घ्या, दोन्ही लावून बघा, ओढ्यांच्या जागा टोपोशीटशी (सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी) कुणाच्या जुळतात तो ठेवा. प्रोजेक्शन (नकाशाची मीटरमधली मापपद्धत) यूटीएम ४३ उत्तर, ईपीएसजी ३२६४३, हे आधी करा, अंशांमध्ये असलेल्या डीईएमवर स्लोप काढला की सगळा तालुका कड्यासारखा उभा दिसतो. आणि स्लोप टक्क्यांत आहे की अंशांत हे प्रत्येक टेबलवर लिहा. भूजल अंदाजाच्या सरकारी पद्धतीत २० टक्क्यांहून जास्त उताराचा डोंगराळ भाग पुनर्भरणाच्या हिशेबातून वगळतात, २० टक्के म्हणजे सव्वाअकरा अंश, वीस अंश नव्हे, ही गडबड मी रिपोर्टांमध्ये बघितलीय. हाच नियम तुमच्या पश्चिम पट्ट्याला लावा, अर्धा 'उत्तम' तिथंच पुसला जाईल.

आता दुसरा मोठा घोटाळा, एकच गोष्ट तीन-चारदा मोजणं. तुमचा उतार डीईएममधून आला, ड्रेनेज डेन्सिटी डीईएममधून आली, उद्या कुणी सांगेल म्हणून टीडब्ल्यूआय (पाणी कुठं साचेल याचा निर्देशांक) आणि कर्व्हेचर (जमिनीचा बाक) घालाल तेही डीईएममधूनच येणार. चार नावं आहेत पण माहिती एकच, की इथं जमीन सपाट आहे का. आणि मग सपाट जागा निळी येते आणि आपण म्हणतो मॉडेल चाललं. लेअर एकमेकांशी किती जुळतात याचा कोरिलेशन मॅट्रिक्स काढा, ज्या दोघांचं फार जुळतंय त्यातला एक काढून टाका. थॉमस साटींची एएचपी पद्धत चांगली आहे, पण कन्सिस्टन्सी रेशो एवढंच सांगतो की तुमची मतं एकमेकांशी भांडत नाहीत, ती मतं खरी आहेत का हे तो सांगू शकत नाही. सगळी मतं मिळून चुकीची असली तरी रेशो छान येतो. आणि वेट जर दुसऱ्या कुठल्या राज्यातल्या ग्रॅनाइटच्या पेपरमधून उचलले असतील तर ती मतं तुमचीही नाहीत.

लिनियामेंट. हा लेअर ऑटोमॅटिक काढला असेल तर कृपा करून टाकून द्या. सॉफ्टवेअरला सरळ रेघ दिसली की ती भेग वाटते, मग नाशिक-पुणे हायवे, कालवे, शेताचे बांध, हाय टेन्शनच्या तारांखालची पट्टी, सगळं लिनियामेंट म्हणून येतं आणि संगमनेर शहराजवळ डेन्सिटी सगळ्यात जास्त दिसते. हिलशेड (डोंगरांच्या उजेड-सावलीचं चित्र) वेगवेगळ्या दिशांच्या उजेडात काढा (४५, ९०, १३५, ३१५ अंश), हाताने रेघा मारा, गूगल अर्थवर प्रत्येक रेघ तपासा, ओढा अचानक काटकोनात वळतोय का, उन्हाळ्यात त्या ओळीत झाडी हिरवी राहते का ते बघा. मग गावात जाऊन विचारा. आणि प्रत्येक रेघ म्हणजे पाणी नाही, काही भेगा मातीने किंवा चुनखडीने भरलेल्या असतात, काही रेघा म्हणजे डाईक असतात, म्हणजे खडकात उभी घुसलेली दगडी भिंत. डाईक ताजा घट्ट असेल तर तो पाणी अडवतो, मग वरच्या बाजूच्या विहिरीला पाणी आणि खालच्या बाजूच्या विहिरीला खडखडाट, आणि भेगाळलेला असेल तर तोच पाणी वाहून नेतो. धुळे-नंदुरबारकडे डाईक भरपूर, तिकडचे शेतकरी हे एका वाक्यात समजावून सांगतात. डेन्सिटीचा नकाशा या दोन बाजू एकाच रंगात रंगवतो, म्हणून मी डेन्सिटीपेक्षा रेघेपासूनचं अंतर वापरायला सांगतो, आणि डाईक असेल तर तेही नाही, तिथं दोन्ही बाजूंच्या विहिरी बघूनच ठरवायचं.

माती आणि लँड यूजबद्दल थोडक्यात: मातीचा नकाशा फार लहान स्केलचा, म्हणजे ढोबळ असतो, त्याला कमी वेट. लँड यूजमध्ये ऊस आणि बागायतीला वरची रँक दिलीय का? दिली असेल तर काढा, कारण पाणी आहे म्हणून ऊस आहे, ऊस आहे म्हणून पाणी आहे असं नव्हे, आणि नंतर त्याच बागायती विहिरींवर व्हॅलिडेशन केलं की अॅक्युरसी आपोआप चांगली येणार. एप्रिल-मेचा सेंटिनेल-२ उपग्रहाचा एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) मात्र कामाचा, पण तो इनपुट म्हणून वापरायचा नाही, नकाशा तयार झाल्यावर तपासायला ठेवायचा.

नदीकाठचा गाळही डोळे झाकून 'उत्तम' करू नका. प्रवरेच्या काठी संगमनेरच्या परिसरात जाड गाळ आहे, पुस्तकात गाळ म्हणजे भरपूर पाणी, पण इथं नदीने तो गाळ खोल कापलाय, कडेला घळी पडल्यात, आणि त्यातलं पाणी घळींवाटे नदीत उतरतं. गाळात चिकणमाती किती आणि वाळू-खडी किती हेही जागोजागी बदलतं. काठापासून शंभर मीटर आत आणि पाचशे मीटर आत विहिरींची स्थिती वेगळी असते, बघून या.

आता गाईडच्या प्रश्नाकडे, व्हॅलिडेशन.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, त्यांची पातळी वर्षातून चारदा घेतात, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तो डेटा जरूर घ्या, पण पातळी म्हणजे पोटेन्शियल नाही. पातळी खोल गेली याचा अर्थ तिथं पाणी नाही असा होत नाही, उलट चांगला थर आहे म्हणून शंभर मोटारी चालतात आणि म्हणून पातळी खोल गेली असंही असतं. आणि पाणी वर आहे याचा अर्थ घट्ट खडकात साचलेलं थोडंसं पाणी असाही असतो, मोटर लावली की पाऊण तासात फूट व्हॉल्व्ह उघडा पडतो. म्हणून पातळीशी नाही, विहिरीच्या आवकेशी तुलना करा. प्रत्येक विहिरीला शेतकऱ्याला विचारायचं की दिवाळीत मोटर सलग किती तास चालते आणि मे महिन्यात किती, किती एचपीची मोटर आहे, आणि पूर्ण उपसल्यावर परत भरायला किती वेळ लागतो. शेवटचा आकडा सगळ्यात मोलाचा. आठ मीटर व्यासाच्या विहिरीत रात्रीच्या बारा तासांत एक मीटर पाणी चढलं तर पन्नास घनमीटर, म्हणजे पन्नास हजार लिटर आवक झाली, हे टेप आणि घड्याळ घेऊन कुणीही मोजू शकतं.

कालव्याचा भाग वेगळा काढा, नक्की काढा. भंडारदरा धरण १९२६ चं, ओझर बंधाऱ्यावरून निघणारे प्रवरेचे कालवे तेव्हापासूनचे, आणि आता निळवंड्याचेही कालवे आलेत. त्या लाभक्षेत्रातल्या विहिरी मे महिन्यातही भरलेल्या असतात कारण कालवा पाझरतो आणि उसाला दिलेलं पाणी मुरतं. तुमच्या सात लेअरमध्ये कालवा कुठंच नाही, पण व्हॅलिडेशनच्या विहिरींत तो आहे, मग मॉडेल बरोबर आलं तरी चुकीच्या कारणाने येतं.

फसलेल्या बोअरची नोंद कुणीच ठेवत नाही, कागदावर फक्त यशस्वी जागा असतात. फक्त यशस्वी जागा घेऊन आरओसी कर्व्ह (पाणी असलेल्या आणि नसलेल्या जागा नकाशा किती नीट ओळखतो याचा आलेख) काढला आणि 'पाणी नसलेले' पॉइंट सॉफ्टवेअरने रँडम टाकले तर त्या एयूसीला (त्या कर्व्हखालच्या क्षेत्रफळाच्या आकड्याला) काही अर्थ राहत नाही. गावात विचारा, कुणाचे बोअर फेल गेले, किती फुटांपर्यंत गेले. लोक सांगतात, कारण त्या प्रत्येक बोअरमागे कर्ज असतं आणि ते विसरलेलं नसतं. हे फेल पॉइंट तुमच्या प्रोजेक्टमधली सगळ्यात दुर्मिळ गोष्ट ठरतील. आणि ट्रेनिंग-टेस्टिंगची (मॉडेल बसवायच्या आणि तपासायच्या विहिरींची) विभागणी रँडम ७०-३० करू नका, शेजारच्या दोन विहिरी एक इकडे एक तिकडे गेली की परीक्षा आधीच फुटली. पाणलोट वेगळे ठेवा, म्हणजे उदाहरणार्थ आढळा आणि म्हाळुंगीच्या खोऱ्यातल्या विहिरींवर मॉडेल बसवा आणि मुळेच्या खोऱ्यात तपासा. तिथं टिकलं तर टिकलं.

क्लास पाडतानाही जपून. नॅचरल ब्रेक्सने (आकड्यांतल्या नैसर्गिक खाचांवर गट पाडायच्या सॉफ्टवेअरच्या रीतीने) पाच क्लास पाडले की कुठल्याही एरियात काहीतरी 'अति उत्तम' येणारच, अगदी नुसत्या पाषाणाच्या माळावरसुद्धा, कारण ते त्या एरियापुरतं तुलनात्मक असतं. मग शेजारच्या तालुक्याच्या नकाशातला 'अति उत्तम' आणि तुमचा 'अति उत्तम' एक नसतो. म्हणून लेजेंडमध्ये विशेषणं नकोत. प्रत्येक क्लासमध्ये तुम्ही मोजलेल्या विहिरींची मे महिन्यातली आवक किती ते किती, खोली किती ते किती, आणि किती विहिरींवरून हे लिहिलंय, एवढं लिहा. एनआरएससीने (इस्रोच्या दूरसंवेदन केंद्राने) पेयजल मिशनसाठी १:५०,००० स्केलवर जे ग्राउंडवॉटर प्रॉस्पेक्ट्स मॅप केले (भुवनवर बघायला मिळतात) त्यांच्या लेजेंडमध्ये विहिरीचा प्रकार, खोली आणि अपेक्षित आवक असं लिहिलेलं असतं, तो नमुना समोर ठेवा. शिवाय तुमचा नकाशा आणि तो नकाशा कुठं जुळत नाहीत तेच फील्डला जायचे पहिले पॉइंट.

शेतकऱ्यांसमोर नकाशा नेणार असाल तर साठ्याचा एक हिशेब बरोबर न्या, नाहीतर निळा रंग बघून लोक थेट मशीन बोलावतात. सरकारी अंदाजपद्धतीत झिजलेल्या किंवा सच्छिद्र, भेगाळ बेसाल्टचं विशिष्ट प्राप्ती मूल्य साधारण दोन टक्के धरतात. म्हणजे एका हेक्टरखाली पाण्याने भरलेला एक मीटर थर असेल तर त्यातून मिळणारं पाणी फक्त दोनशे घनमीटर. एका हेक्टरला ५० मिलिमीटरचं एक पाणी द्यायला पाचशे घनमीटर लागतं, म्हणजे एका पाण्याला अडीच हेक्टरखालची एक मीटर पातळी गेली. वाळूच्या गाळात हेच प्राप्ती मूल्य कितीतरी पट असतं, म्हणून खानदेशातल्या तापीच्या गाळाचे आकडे इथं लावता येत नाहीत. 'उत्तम' पट्ट्यात दहा नवीन विहिरी पडल्या की तो पट्टा उत्तम राहत नाही हे यातून गणिताने दिसतं, आणि ते लोकांना पटतंसुद्धा.

नकाशावरून विहिरीची जागा मात्र दाखवू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. १:५०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पन्नास मीटर, आणि बेसाल्टमध्ये पन्नास मीटरवर विहीर पास की नापास एवढा फरक पडतो. नकाशाने पाणलोटातला पट्टा सांगायचा, मग त्या पट्ट्यात शेजारच्या विहिरी बघायच्या, रेझिस्टिव्हिटी सर्व्हे (जमिनीत वीज सोडून खालचा खडक ओळखायची चाचणी) करायचा, मग जागा. आणि पाण्याची चव-खार हा नकाशा सांगत नाही, विदर्भातल्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात पाणी भरपूर असूनही पिकाला चालत नाही, म्हणून प्रत्येक विहिरीवर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवून आकडा लिहून घ्या, त्याला मिनिटसुद्धा लागत नाही.

फील्डचा वेळ कमी असेल तर अख्खे दोन तालुके सोडून एक पाणलोट धरा, गाईडना तसं सांगा, बहुतेक मान्य करतील. जायचं मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, वळवाचा मोठा पाऊस व्हायच्या आत, सकाळी लवकर, कारण रात्रभर भरलेली पातळी तेव्हा मिळते आणि मोटर चालू व्हायच्या वेळी शेतकरी विहिरीवर भेटतो. लाइटचं वेळापत्रक आधी विचारून ठेवा, थ्री फेज रात्रीची असेल तर हे उलटं होतं आणि मग संध्याकाळी जायला लागतं. वहीत कॉलम असे ठेवा: जीपीएस, व्यास, खोली, भिंतीवरचे थर फुटांत, झऱ्यांची खोली आणि दिशा, आडवे बोअर मारलेत का, पातळी आणि वेळ, एचपी, दिवाळीतले तास, मेमधले तास, भरायला लागणारा वेळ, टीडीएस, कालव्यापासून अंतर, आणि जवळपास फेल गेलेले बोअर. आडव्या बोअरचा कॉलम विसरू नका, विहिरीच्या तळातून शंभर-दीडशे फूट आडवे बोअर मारलेले असतील तर ती आवक त्या जागेची नसते, शेजारच्या रानातून ओढून आणलेली असते, आणि अशी विहीर व्हॅलिडेशनमधून बाजूला काढावी लागते.